२५ हजारांची दुर्बीण, मृगातला डाग आणि आमच्या शेजारच्या ताटल्या : एक सीझन वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, मी काय खगोलवाला नाही. नारायणगावच्या बाजूला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, दिवसभर विहिरीतल्या जळालेल्या मोटरा, तांब्याची तार आणि वार्निशचा वास. पण लहानपणापासून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या ताटल्या लांबून बघत आलोय आणि दर वेळी वाटायचं की हे लोक एवढं बघतात तरी काय. त्यात माझी पुतणी नववीत गेली आणि तिला ताऱ्यांचं वेड लागलं, मग गेल्या दिवाळीत दोघांनी मिळून एक दुर्बीण मागवली. पैसे माझे, डोकं तिचं.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण सेम नळी चार वेगवेगळ्या स्टिकरखाली विकतात आणि नाव लिहिलं की लोक नावावरच भांडत बसतात. १३० मिमी आरसा, ६५० मिमी फोकल लेंथ, सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), म्हणजे २६ पट आणि ६५ पट मोठं दिसतं, लाल ठिपक्याचा फाइंडर, इक्वेटोरियल माउंट (नळी ताऱ्यांच्या चालीने फिरवता येते असा स्टँड) आणि अॅल्युमिनियमची तिपाई. किंमत २५ हजाराच्या आसपास. घ्यायच्या आधी एकच गोष्ट विचारा, आरसा पॅराबोलिक आहे का. एवढ्या आखूड नळीत साधा गोल वळणाचा आरसा असेल तर तारा टाचणीसारखा न दिसता पिंजलेल्या कापसासारखा दिसतो, मग पट वाढवून काय उपयोग नाही.

बॉक्स आला तेव्हा वजनाचा लोखंडी गोळा थर्माकोल फोडून बाहेर आलेला आणि आतला छोटा आरसा तिरका झालेला. कुरियरवाल्याला दाखवलं तर म्हणाला सही करा आधी. नवीन माणसाचा इथेच घाम निघेल, कारण पुस्तिकेत आरसे सरळ करायचं दीड पान आहे आणि ते कुठल्या भाषेत लिहिलंय ते देवालाच माहीत. मला जमलं कारण मोटरचा शाफ्ट आणि पंप एका रेषेत आणायचं काम मी रोज करतो, तत्त्व तेच आहे, तीन स्क्रू, एक ढिला करायचा दुसरा आवळायचा आणि मधे श्वास सोडायचा नाही. अर्धा तास लागला.

दुसरी अडचण कुठल्याच रिव्ह्यूत नव्हती म्हणून नीट लिहितो. हे माउंट युरोपातल्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून बनवतात, तिकडे ध्रुवतारा चांगला वर असतो. आपल्याकडे अक्षांश १९, म्हणजे माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा करावा लागतो आणि मग तो वजनाचा दांडा फिरताना उत्तरेकडच्या पायावर खाडकन आपटतो. पहिल्या रात्री तीनदा आपटला. उपाय सोपा आहे, दोन पायांमधली फट उत्तरेला येईल अशी तिपाई फिरवायची, पण हे समजेपर्यंत पायाला पोचे पडले. शिवाय तिपाई हलते, ६५ पटीवर फोकसच्या चाकाला हात लावला की आख्खं आकाश तीन-चार सेकंद थरथरतं. खालच्या ट्रेवर मोटरचे दोन जुने बेअरिंग हाउसिंग ठेवले, आता बरं आहे.

आणि हो, आमच्याकडे रात्री शेतात उभं राहून आकाश बघायचं नाव काढायचं नाही. जुन्नर तालुक्यात राहणाऱ्याला कारण सांगायला नको, उसात बिबट्या असतो. त्यामुळे सगळा कारभार गच्चीवर, आबा खाली खाटेवरून दर पंधरा मिनिटांनी ओरडणार, "झालं का रे तुमचं? थंडी बाधंल पोरीला!"

आता मुद्द्याचं, दिसतं काय. चंद्र आणि शनीवर सगळेच लिहितात म्हणून मी मृगावर लिहितो. मृग नक्षत्र माहीतच असेल, चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे व्याध. त्या बाणाच्या खाली तीन बारीक ठिपके लोंबल्यासारखे दिसतात, त्यातला मधला ठिपका नुसत्या डोळ्यांनीसुद्धा जरा पुसट वाटतो. तो तारा नाही, तेजोमेघ आहे, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग, यादीतलं नाव एम ४२. २६ पटीवर नळी तिकडे वळवली आणि पुतणी दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली, "काका, हे खरंच तिथं आहे?" राखाडी, किंचित हिरवट, पंख पसरलेल्या घारीसारखा धूर. बॉक्सवर छापलाय तसा गुलाबी-जांभळा अजिबात दिसत नाही, हे लिहून ठेवा. तो रंग कॅमेऱ्याने बराच वेळ उजेड गोळा केल्यावर येतो, आपल्या डोळ्याला अंधारात रंग नीट कळत नाहीत. बॉक्सवर असला फोटो छापणाऱ्यांना एकदा आमच्या गच्चीवर बसवलं पाहिजे.

पण १० चा आयपीस लावला की पैसे वसूल. धुराच्या मधोमध चार तारे, अगदी जवळजवळ, वाकड्या चौकोनात मांडलेले. ट्रॅपिझियम म्हणतात त्याला. हे आपल्याला सगळ्यात जवळचं असं ठिकाण, जिथे मोठे तारे जन्माला येतात, अंतर साधारण १३५० प्रकाशवर्षं. चारातला जो सगळ्यात ठसठशीत दिसतो तो सूर्याच्या तीसेक पट वजनाचा आहे आणि पृष्ठभाग सूर्यापेक्षा सहा-सात पट तापलेला. आख्खा तेजोमेघ जो पेटलेला दिसतो तो मुख्यतः त्या एकट्याच्या जोरावर, त्याच्या अल्ट्राव्हायोलेट उजेडाने आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वायू चमकायला लागतो. एक बल्ब आणि गावभर उजेड.

मी खूश होतो, म्हटलं बघा, घरबसल्या ताऱ्यांचा जन्म बघितला. तर ही पोरगी म्हणते, "काका, हे जन्मलेले तारे आहेत. जन्म कुठं दिसला?" आणि खरंच की. हे चार जण आपला धूर फुंकून, खोली साफ करून बाहेर येऊन बसलेत म्हणून तर आपल्याला दिसतात. ज्यांचा जन्म आत्ता चालू आहे ते याच्या मागच्या काळ्या ढगात गाडलेले आहेत, ट्रॅपिझियमपासून जेमतेम एक आर्कमिनिट बाजूला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा तिसावा भाग. मी तिथं नळी रोखून पंधरा मिनिटं बघितलं. तोच धूर, बाकी काही नाही. इथे दुर्बिणीचा दोष नाही, २५ हजारांच्या जागी २५ कोटींची घेतली असती तरी साध्या उजेडात तिथं आत शिरता आलं नसतं. धूळच तेवढी आहे.

मग तिथलं लोकांना कळलं कसं? १९६० च्या दशकात बेकलिन आणि नॉयगेबाउअर या दोघांनी त्याच जागेवर इन्फ्रारेडमध्ये बघितलं, तर जिथं डोळ्याला तारा नाही तिथं एक झगझगीत ठिपका. १९६७ साली त्यांनी ते छापलं, आज त्याला बीएन म्हणतात. इन्फ्रारेड म्हणजे उष्णतेचा उजेड, धुळीतून बराचसा आरपार येतो. आमच्या धंद्यात मोटर बाहेरून गार दिसते पण आतली वाइंडिंग तापलेली आहे हे थर्मल कॅमेऱ्यात दिसतं, तसंच.

पुढची गोष्ट तर मला फारच आवडली. तो बीएन आणि त्याच्या शेजारचा सोर्स आय नावाचा दुसरा धुळीत गुंडाळलेला तारा, हे दोघं एकमेकांपासून जोरात लांब पळतायत. त्यांचे रस्ते उलटे मोजत गेलं तर साधारण ५०० वर्षांपूर्वी ते एकाच जागी होते. म्हणजे महाराजांच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी (तिथला उजेड इथे यायला लागणारा वेळ सोडून द्या) त्या पाळण्यात नव्या ताऱ्यांची अशी काही ढकलाढकल झाली की दोघं दोन दिशांना फेकले गेले आणि वायूचे फवारे चहूबाजूंनी उडाले. चिलीमधल्या आल्मा दुर्बिणीने, ६६ ताटल्या, ५००० मीटर उंचीवर, त्या फवाऱ्यांचे फोटो काढलेत, अगदी दिवाळीतला अनार. आणि त्या सोर्स आयच्या भोवती फिरणाऱ्या चकतीत २०१९ साली काय सापडलं, तर मीठ. खाण्याचं मीठ, सोडियम क्लोराईड, वाफेच्या रूपात. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, मग आमटीत का विसरता.

ही चकती का महत्त्वाची ते मला खोडदला कळलं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, जीएमआरटी सगळ्यांना आत जाऊन बघता येतं, आजूबाजूच्या शाळांची पोरं प्रयोग मांडतात, पुतणीच्या शाळेचा पण होता. तुम्ही पुणे-नाशिक पट्ट्यात असाल आणि दुर्बीण घ्यायचा विचार करत असाल तर माझं ऐका, आधी खोडदला एक चक्कर मारा आणि मग ठरवा. ४५ मीटर व्यासाची ताटली जवळून बघितली की छाती दडपते, पण गंमत म्हणजे ती आरपार दिसते. भरीव पत्रा नाहीच, बारीक स्टीलच्या तारेची जाळी, दोरखंडांवर ताणून बसवलेली. तारेतलं काम बघणारा माणूस म्हणून मी त्या जाळीखाली मान वर करून उभाच राहिलो. रेडिओ लाट एवढी लांब असते की तिला त्या जाळीतली भोकं कळतच नाहीत, आणि वारा मात्र निघून जातो, म्हणून वजन कमी आणि खर्च कमी. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ही डोक्यालिटी. अशा ३० ताटल्या, त्यातल्या १४ मधे गर्दी करून आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर लांब लांब, सगळ्यात लांबच्या दोघींमध्ये २५ किलोमीटर. सगळ्यांचे सिग्नल एकत्र केले की २५ किलोमीटरची एक दुर्बीण असल्यासारखं बारीक दिसतं.

तिथं एका संशोधक ताईंना मी सरळ विचारलं, मृगातल्या मागच्या ढगातलं तुम्हाला इथनं दिसतं का? त्यांनी बराच वेळ देऊन सांगितलं, ते माझ्या भाषेत लिहितो, चूक असली तर ती माझी. सूर्याच्या आठ पटीपेक्षा जड ताऱ्यांची भानगड अशी की त्यांना सवड नसते. आपल्या सूर्याला नीट पेटायला कोट्यवधी वर्षं लागली, हे मात्र लाखभर वर्षांत उरकतात, म्हणजे अंगावर वायू पडणं चालू असतानाच पोटात भट्टी पेटलेली असते. आता एवढी मोठी भट्टी पेटली की तिच्या उजेडाचाच धक्का बाहेरून येणाऱ्या धूळ-वायूला बसतो, मग तारा आणखी मोठा होतोच कसा? बरीच वर्षं लोक यावर अडले होते. आता उत्तर बरंचसं असं की माल चारही बाजूंनी येत नाही, चकतीतून कडेने येतो, आणि उजेड वर-खाली मोकळ्या जागेतून निघून जातो. स्वयंपाकघरात धुराडं असलं की चूल भरता पण येते आणि धूर पण कोंडत नाही. म्हणून चकती सापडली, आणि त्यात मीठ सापडलं की सगळे खूश, कारण ते मीठ त्याच चकतीत दिसतं, त्याच्या खुणेवरून चकती कशी फिरते ते मोजता येतं आणि त्यावरून मधल्या ताऱ्याचं वजन निघतं. मीठ टाकून वजन काढायचं, आपला किराणावाला उलटं करतो.

दुसरा वाद अजून मिटलेला नाही. मोठा तारा आपल्या वाट्याच्या एका मोठ्या गोळ्यातूनच जेवून मोठा होतो, की पंगतीला बसलेल्या शंभर भावंडांच्या ताटातलं ओढून? दोन्ही बाजूंचे लोक आहेत. आणि मोठे तारे जन्मतात बहुतेक गर्दीत, लांब, थोडे आणि घाईत, त्यामुळे पकडणं अवघड. आपल्या आख्ख्या आकाशगंगेत वर्षाला साधारण दोन सूर्यांएवढा वायू ताऱ्यांत जातो, त्यात मोठ्यांचा वाटा किती येणार.

जीएमआरटीचं काम कुठे येतं, तर मगाशी म्हटलं तसे सुटे झालेले इलेक्ट्रॉन रेडिओ लाटा सोडतात आणि रेडिओला धूळ आडवीच येत नाही. बाळ कितीही गोधड्यांत गुंडाळलेलं असो, रडलं की शेजारी ऐकू जातं. त्यात परत एक मेख आहे, खालच्या फ्रिक्वेन्सीला तो तापलेला वायू स्वतःच अपारदर्शक होतो, वरच्या फ्रिक्वेन्सीला आरपार. म्हणून एकाच जागेचे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे नकाशे शेजारी ठेवतात, १५० ते साधारण १४५० मेगाहर्ट्झ अशी यांची रेंज, आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीपाशी हा बदल होतो त्यावरून वायू किती दाट, किती पसरलेला, आणि एवढा वायू पेटता ठेवायला सेकंदाला किती अल्ट्राव्हायोलेट कण लागत असतील, मग तो तारा कोणत्या जातीचा, असं एकातनं एक काढत जातात. ताऱ्याचं तोंड न बघता. आम्ही पण मोटर न उघडता तिन्ही फेजचा अँपियर बघून सांगतोच की कुठली कॉइल गेली.

याच्या जोडीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) १ मीटरची इन्फ्रारेड दुर्बीण फुग्याला बांधून हैदराबादवरून वर सोडलीय, अनेकदा, असल्याच जागा बघायला. फुगा कशाला, तर जास्त लांबीची इन्फ्रारेड लाट हवेतल्या वाफेतच अडकते, ढगांच्या कितीतरी वर गेल्याशिवाय ती मिळत नाही. हे मला माहीतच नव्हतं. एवढं आपल्या दारात चाललंय आणि आम्हाला खोडद म्हटलं की फक्त पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाचा वाद आठवतो. त्या वादात मी पडत नाही, दोन्हीकडे माझं गिऱ्हाईक आहे.

आणखी एक प्रकार ऐकला, मेसर. लेझरच, पण रेडिओतलं. मिथेनॉल, म्हणजे एक जातीचं अल्कोहोलच, त्याचे रेणू या ढगांत असतात आणि ६.७ गिगाहर्ट्झला असे लखलखतात की लांबून कळतं. मजा म्हणजे ही विशिष्ट लकाकी फक्त मोठ्या ताऱ्यांच्या पाळण्याजवळच दिसते, छोट्यांपाशी नाही, त्यामुळे पाटी लावल्यासारखं होतं. २०१५ साली मृगाच्या वर मिथुनाच्या हद्दीजवळ एस २५५ म्हणून जागा आहे तिथली ही लकाकी एकदम वाढली, लोकांनी पटापट इन्फ्रारेड दुर्बिणी तिकडे वळवल्या, तर आतल्या साधारण २० सूर्यांएवढ्या बाळाने चकतीतला मोठा घास एकदम गिळलेला आणि त्यामुळे ते भडकलेलं. म्हणजे जेवताना रंगेहाथ पकडलं. पुतणीने घरी आल्यावर लगेच दुर्बीण त्या दिशेला लावली. काही दिसलं नाही, दिसणार नव्हतंच, पण तिला ती जागा फक्त बघायची होती.

परत दुर्बिणीकडे येतो. मे महिन्यात रात्री बारानंतर धनू रास वर आली की एम ८ आणि एम १७ हे तेजोमेघ चांगले दिसतात, एम १७ तर पोहणाऱ्या बदकासारखा. एम १६ मधले ते प्रसिद्ध खांब, हबलने १९९५ ला काढलेले आणि जेम्स वेबने २०२२ ला परत काढलेले, ते या नळीत दिसतील अशी आशा ठेवू नका, तिथं ताऱ्यांचा फक्त विस्कटलेला पुंजका दिसतो. लाईट गेलेल्या रात्री सगळ्यात भारी. आयुष्यात पहिल्यांदा लोडशेडिंगची वाट बघितली.

आणि खर्चच करायचा नसेल तर एक माहिती देतो. २०१० च्या डिसेंबरात मिल्की वे प्रोजेक्ट नावाचं काम इंटरनेटवर सुरू झालं होतं, त्यात स्पिट्झर या इन्फ्रारेड दुर्बिणीचे फोटो साध्या लोकांना दाखवायचे आणि त्यांनी वायूचे बुडबुडे दिसतील तिथं गोल काढायचे. हे बुडबुडे मोठ्या ताऱ्यांनीच फुगवलेले. लोकांनी ५००० च्या वर बुडबुडे शोधले. पण खरी कमाल पुढे आहे, काही जणांनी विचारलं की हे मधे मधे बारीक पिवळे गोळे दिसतात ते काय? शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. तपासलं तर बरेचसे बुडबुडा फुगायच्या आधीची अवस्था निघाले, पिवळे का तर हिरव्याने दाखवलेली एक लाट आणि लालने दाखवलेली दुसरी एकावर एक पडली म्हणून. असे ९०० च्या वर गोळे २०१५ ला छापून आले. मला हे वाचून जाम बरं वाटलं, गिऱ्हाईकसुद्धा कधीकधी बरोबर सांगतं की साहेब आवाज दुसरीकडनं येतोय.

तर घ्यावी का? चंद्र, शनी, गुरू आणि मृगातले ते चार तारे यासाठी घ्या. रंगीत फोटो डोक्यात ठेवून घेऊ नका. पाच मार्कांपैकी नळीला साडेचार, तिपाईला दोन, पुस्तिकेला शून्य. फाइंडरची गोल बॅटरी आठवण ठेवून बंद करा, आम्ही दोन संपवल्या. दव पडतं तेव्हा नळीच्या तोंडाला योगा मॅट गुंडाळा, हेअर ड्रायर लांबून मारला तरी चालतो.

सध्या पाऊस आहे म्हणून नळी लोखंडी कपाटात, आत नवीन स्टार्टरच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पंधरा-वीस पुड्या टाकल्यात, आरशाला बुरशी लागू नये म्हणून. तिपाईचा वाकलेला पाय काढून दुकानात आणलाय, लेथवाल्याकडून भरीव पाइपचा नवा करून घेणार आहे. पुतणीने कपाटाच्या दारावर खडूने लिहिलंय की दिवाळीनंतर मृग रात्री किती वाजता आबांच्या उसावरून वर येतो, आणि खाली, "काकांनी तोपर्यंत पाय बसवून ठेवावा."